रक्त थोडं, रात्र फार

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की भवानीनगर मागं पडतं आणि लासुर्णे येतं. दोन्ही अंगांना ऊस, नीरा डाव्या कालव्याचं पाणी, पुढं जंक्शनवरून वालचंदनगरकडे जाणारा फाटा. या पट्ट्यात शेतीपंपाची लाईट पाळीनं येते. रात्रपाळी लागली की घरातला तरणा गडी बॅटरी, फावडं आणि मोबाइल घेऊन दारं धरायला जातो. एक सरी भरेपर्यंत बांधावर बसायचं, भरली की पाणी पुढच्या सरीत वळवायचं. या मधल्या वेळात हल्लीची पोरं मोबाइलवर काय काय बघतात, त्यात जपानी ॲनिमेही आहे. एका कानात हेडफोन, दुसरा कान बिबट्यासाठी मोकळा. पडद्यावर जांभळं आकाश, सामसूम रस्ता आणि झोप म्हणजे काय हे ठाऊक नसलेली एक फिकट चेहऱ्याची मुलगी.

व्हॅम्पायरच्या प्रेमकथा बघायला याहून चांगली जागा टोकियोतसुद्धा मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे. कारण या गोष्टींत रक्त चमचाभर असतं आणि रात्र घागरभर. ज्याला अंधारात तासन् तास जागं राहायची सवय आहे, त्याला त्या लगेच कळतात. आणि गंमत म्हणजे, या सगळ्या प्रकरणाचा एक धागा थेट आपल्या पैठणपर्यंत येतो. तिथवर जाऊच, आधी त्या जांभळ्या आकाशाकडे.

आधी प्रेम, मग दात

'कॉल ऑफ द नाइट' ही मालिका जुलै २०२२ मध्ये आली. नायक को यामोरी, वय १४. शाळेत जाणं बंद, रात्रीची झोप उडालेली. एका रात्री तो गुपचूप घराबाहेर पडतो आणि त्याला नाझुना भेटते. ती व्हॅम्पायर आहे. या मालिकेतला नियम मात्र जगावेगळा आहे. नुसतं चावून कुणी व्हॅम्पायर होत नाही, जिनं चावायचं तिच्या प्रेमात माणूस आधी पडलेला असावा लागतो. कोला तर प्रेम म्हणजे काय हेच कळलेलं नाही. रात्र कायमची आपली व्हावी म्हणून तो प्रेमात पडायची धडपड सुरू करतो. आणि नाझुना? रक्त प्यायला ती जराही बुजत नाही, पण प्रेमाचा विषय काढला की कानापर्यंत लाल होते.

मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणाऱ्या कोतोयामा यांनी तिचं जपानी नाव 'क्रीपी नट्स' या हिप-हॉप जोडीच्या एका गाण्यावरून घेतलं. पुढं ॲनिमे झाला तेव्हा तेच गाणं प्रत्येक भागाच्या शेवटी वाजू लागलं. दिग्दर्शक तोमोयुकी इतामुरा. रात्र रंगवण्यात यांचा हातखंडाच म्हणायचा. त्याआधी 'मोनोगातारी' या व्हॅम्पायर असलेल्या मालिकेवर त्यांनी काम केलं होतं आणि २०२१ मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमधली 'द केस स्टडी ऑफ व्हॅनिटास' केली होती. तीही व्हॅम्पायरचीच. त्यातला व्हॅनिटास नावाचा वैद्य व्हॅम्पायरांना बरं करत फिरतो, आणि आपल्यावर प्रेम करू शकेल अशा माणसात त्याला रसच नसतो. असा माणूस प्रेमात पडतो तेव्हा त्याची कशी तारांबळ उडते, ते बघण्यासारखं आहे.

शाई नव्हती म्हणून

आता पैठण. सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरच्या सूर्यमती राणीसाठी 'कथासरित्सागर' रचला. त्यात सुरुवातीलाच सातवाहन राजाच्या गुणाढ्य नावाच्या मंत्र्याची कथा येते. राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं गोदाकाठचं पैठण. एक पैज हरल्यामुळे गुणाढ्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा तिन्ही सोडल्या आणि तो विंध्याच्या अरण्यात गेला. तिथं पिशाचांची भाषा शिकून त्यानं सात वर्षांत सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. जंगलात शाई मिळेना, म्हणून ती त्यानं स्वतःच्या रक्तानं लिहिली.

शिष्य पोथी घेऊन दरबारात गेले. भाषा पिशाचांची आणि अक्षरं रक्ताची, हे बघून राजानं तोंड फिरवलं. मग गुणाढ्यानं डोंगरावर अग्निकुंड पेटवलं. एकेक पान मोठ्यानं वाचायचं आणि आगीत टाकायचं. ऐकायला रानातली हरणं, डुकरं, रेडे गोल करून उभे राहिले. चरायचं सोडून रडत ऐकू लागले. इकडं राजाच्या ताटातलं मांस वाळकं यायला लागलं आणि तो आजारी पडला. शिकाऱ्यांनी कारण सांगितलं, की जनावरं चरतच नाहीत, गोष्ट ऐकत बसलीत. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लाख त्यानं हात जोडून मागून घेतला.

ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून ती कुणी सांगत नाही. पण जगातली कुठलीही व्हॅम्पायर-कथा घ्या, रक्त आणि गोष्ट यांचं नातं इतकं जिव्हाळ्यानं मला दुसरीकडे सापडलेलं नाही. तिथं रक्त पितात. इथं माणसानं रक्त देऊन गोष्ट लिहिली आणि ती ऐकून जनावरांची भूक हरपली.

झाडावरून उतरून लंडनला

त्याच 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. मढ्यात शिरून झाडाला लटकलेला वेताळ, त्याला खांद्यावर घेऊन मसणातून चालणारा राजा, वाटेत एक गोष्ट आणि शेवटी एक कोडं. 'चांदोबा' वाचलेल्या पिढीला शंकर या चित्रकारानं काढलेलं ते चित्र आजही डोळे मिटून दिसेल. दूरदर्शनवर १९८५ मध्ये याच कथांवर रामानंद सागर यांची मालिका आली आणि अरुण गोविल रामाच्या आधी हा राजा, म्हणजे विक्रम, झाले. या कोड्यांमधली कितीतरी प्रेमाची आहेत, हे मात्र आपण विसरतो. तिघांचा एकीवर जीव, ती मेली, तिघांनी मिळून तिला जिवंत केलं, आता ती कुणाची? असले पेच वेताळ अर्ध्या रात्री घालतो.

रिचर्ड बर्टन हा इंग्रज अधिकारी १८४२ मध्ये मुंबईत उतरला. भाषांचा खादाड माणूस. हिंदुस्थानी, गुजरातीबरोबर मराठीचीही परीक्षा तो पास झाला. त्यानं १८७० मध्ये वेताळाच्या ११ गोष्टी आपल्या ढंगानं इंग्रजीत सांगितल्या आणि पुस्तकाच्या नावात वेताळाला सरळ 'व्हॅम्पायर' करून टाकलं. 'ड्रॅक्युला' यायला अजून २७ वर्षं होती.

पुढची गोष्ट मला फार आवडते. 'ड्रॅक्युला'चा लेखक ब्रॅम स्टोकर लंडनमध्ये नाटक कंपनीचा व्यवस्थापक होता आणि बर्टनला भेटलेला होता. स्टोकरनं १९०६ मध्ये आठवणींचं पुस्तक काढलं. त्यात बर्टनचं वर्णन आहे. बोलता बोलता बर्टनचा वरचा ओठ उचलला जायचा आणि त्याचा सुळा खंजिरासारखा लखलखायचा, असं स्टोकरला दिसलं होतं. यावरून ड्रॅक्युला बर्टनवर बेतला असं म्हणणं उतावीळपणाचं होईल. पण वेताळाला इंग्रजीत नेणाऱ्या माणसाचे दात जगातल्या सर्वांत प्रसिद्ध व्हॅम्पायरच्या लेखकानं इतके निरखून बघितले होते, एवढं पक्कं.

ऊन कुणाला लागतं?

स्टोकरचा ड्रॅक्युला भरदिवसा लंडनमध्ये फिरतो. उन्हात त्याची ताकद कमी होते, पण तो मरत नाही. उन्हानं व्हॅम्पायर मरतो ही कल्पना 'नोस्फेरातू' या १९२२ च्या जर्मन मूकपटानं रुजवली. या चित्रपटानं स्टोकरची कथा परवानगीशिवाय उचलली होती. स्टोकरच्या पत्नीनं दावा लावला आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम मिळवला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो आपल्याला बघता येतो. म्हणजे जगभरच्या व्हॅम्पायरांना उन्हाचं भय घातलं ते एका चोरलेल्या गोष्टीनं! 'डीमन स्लेअर' या ॲनिमेमधले राक्षसही उन्हात जळतात, आणि माणसाचा राक्षस होतो तो रक्तानंच. त्याचा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात जपानी-इंग्रजीसह हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला. मराठीत लागला नाही. लागायला हवा होता.

आणखी एक जुना नियम आहे, आणि प्रेमकथांना तोच खरा खुराक पुरवतो. घरातल्या कुणी 'ये' म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही. हा नियम स्टोकरच्या कादंबरीत आहे. ताकद सगळी त्याच्याकडे, तरी दार उघडायचं तुमच्या हातात. ॲनिमेनं हा धागा धरून ठेवला. १९८८ च्या 'व्हॅम्पायर प्रिन्सेस मियू'मध्ये मियू जगण्याला कंटाळलेल्या माणसांना कायमचं सुखाचं स्वप्न देऊ करते. ती माणसं राजी झाली तरच त्यांचं रक्त घेते. 'व्हॅम्पायर नाइट'मध्ये शाळेला दिवसाचा वर्ग आणि रात्रीचा वर्ग. दिवसाच्यांना काळा गणवेश, रात्रीच्यांना पांढरा. रात्रीची देखणी मुलं रक्ताऐवजी गोळ्या घेतात आणि स्वतःला आवरतात. तहान लागलेली, समोर आवडती मुलगी, आणि हात मागं घेतलेला. मात्सुरी हिनो यांची ही मांगा 'लाला' या मुलींच्या मासिकात येत होती. २००८ मध्ये त्यावर दोन हंगामांची मालिका आली आणि कितीतरी जणांचा ॲनिमेमधला पहिला व्हॅम्पायर तिथंच भेटला.

इथं मला थोडं थांबायचं आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुला-मुलींना या गोष्टी का ओढतात, याची मोठ्यांना काळजी वाटते. मला वाटतं, ओढ या आवरण्याचीच असते. गावात कुणाशी दोन शब्द बोललं तरी चार डोळे बघतात, एसटी स्टँडवर उभं राहिलं तरी घरी बातमी पोचते. अशा ठिकाणी प्रेम म्हणजे मुख्यतः न बोललेलं, लपवलेलं, पुढं ढकललेलं प्रेम. आणि व्हॅम्पायरच्या गोष्टीत नेमकं तेच असतं. जवळ यायचं आहे आणि जवळ आलं की आपल्याच माणसाला इजा होईल ही धास्ती. मुलं यातून वाईट शिकतील ही भीती मला पटत नाही. विचारल्याशिवाय आत येऊ नये, हा धडा यात ठायी ठायी आहे. अर्थात सगळ्याच मालिका तो पाळत नाहीत. 'डायबोलिक लव्हर्स'मध्ये सहा भाऊ एका मुलीला नुसते छळतात आणि त्यालाच प्रेम म्हणतात. ती मालिका मी कुणाला सुचवणार नाही.

चौदाव्या वर्षी अडकलेले

मोतो हागिओ यांनी १९७२ मध्ये 'पोचं घराणं' ही मांगा सुरू केली. नायक एडगर व्हॅम्पायर होतो आणि वय १४ वर अडकतं. अठराव्या शतकातून विसाव्या शतकात येतो, पण मिसरूड काही फुटत नाही. फार काळ एका गावात राहता येत नाही, कारण शेजारी विचारतात, हा पोरगा मोठा कसा होत नाही? या घराण्यातली माणसं गुलाबांवरही जगतात. हागिओ यांना १९७६ मध्ये शोगाकुकानचा मानाचा पुरस्कार मिळाला आणि तब्बल चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, त्यांनी ही गोष्ट पुन्हा पुढं लिहायला घेतली. एडगर अर्थातच तेवढाच होता.

'कॉल ऑफ द नाइट'चा को सुद्धा चौदाचा. आणि आपला मुंजा? मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत गेला, लग्नाचं राहूनच गेलं आणि पिंपळावर बसला. त्याचंही वय थांबलंय, त्याचंही प्रेम अर्धवट आहे. जपानी कथेनं या अडकलेल्या पोरावर माया केली, त्याला गुलाब दिले, त्याच्यासाठी एकटेपणाची मोठी गोष्ट रचली. आपण त्याला भिऊन पिंपळाखालून पाय उचलत गेलो. मुंजाच्या बाजूनं लिहिलेली एक चांगली मराठी प्रेमकथा वाचायला मला फार आवडेल.

पुरलं की जाळलं?

भुतांचं स्वरूप गावाच्या स्मशानावर ठरतं. व्हॅम्पायर थडग्यातून उठतो, म्हणजे देह शाबूत हवा. जिथं बहुतेकांना अग्नी देतात तिथं उठणार कोण? म्हणून आपल्याकडची भुतं बिनदेहाची. त्यांना झाड लागतं, विहीर लागते नाहीतर दुसऱ्याचं अंग लागतं. वेताळालाही मढं उसनंच घ्यावं लागतं.

जपानमध्येही आज जवळजवळ सगळ्यांवर अग्निसंस्कारच होतात. मग तिथं व्हॅम्पायर आणायचा कसा? फुयुमी ओनो यांनी १९९८ च्या 'शिकी' कादंबरीत युक्ती केली. डोंगरात एक आडगाव घेतलं, साधारण तेराशे वस्तीचं, जिथं अजून पुरायचीच चाल आहे. उन्हाळ्यात एक श्रीमंत कुटुंब रातोरात राहायला येतं आणि गावात एकामागून एक माणसं मरू लागतात. डॉक्टर साथ शोधतो, देवळातला भिक्षू कादंबरी लिहीत बसतो. २०१० मध्ये याचा ॲनिमे आला. गावातला प्रत्येक नात्याचा पीळ त्यात आहे, आणि शेवटाकडे माणसं जास्त भयंकर की व्हॅम्पायर, हे ठरवणं अवघड होतं.

ओनो यांनी ही कादंबरी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'ला अर्पण केली आहे. १९७५ चं पुस्तक, एका लहान गावात शिरलेल्या व्हॅम्पायरचं. आता मराठी वाचकानं कान टवकारावेत. त्याच पुस्तकावरून आपल्या नारायण धारपांनी 'लुचाई' लिहिली. एका अमेरिकी गावाची भीती एका बाजूनं जपानी डोंगरात पोचली आणि दुसऱ्या बाजूनं मराठी वाड्यांत, आणि दोन्हीकडे ती घरचीच वाटली. धारप १९२५ चे, २००८ मध्ये गेले. रात्री त्यांचं पुस्तक संपवून पाणी प्यायला उठायची हिंमत न झालेली माणसं घरोघरी आहेत. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'चं बीही धारपांच्या गोष्टीतलंच.

पैसे वाचवले, वातावरण मिळालं

ॲनिमेतली ती दाट शांतता कुठून आली? बऱ्याच अंशी काटकसरीतून. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी पळतात. ओसामू तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ ला 'ॲस्ट्रो बॉय' दर आठवड्याला दाखवायला सुरुवात केली तेव्हा इतकी चित्रं काढायला ना पैसा होता ना माणसं. मग एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. कधी चेहरा स्थिर, फक्त ओठ हलतात. कधी सगळंच स्थिर, फक्त कॅमेरा सरकतो.

धावपळीच्या गोष्टीत हे उणं दिसतं. व्हॅम्पायरच्या गोष्टीत ते वरदान ठरलं. व्हॅम्पायरला श्वास नाही, पापणी लववायची गरज नाही. चौकटीत निश्चल उभा राहिला तरी तो जिवंत माणसापेक्षा वेगळा आहे हे लगेच जाणवतं. मागं रंगवलेलं आभाळ, केसांची एक बट हलतेय, एखादी पाकळी पडतेय, आणि बाकी सगळं थांबलेलं. मग आवाज काम करतो. 'मियू'चं संगीत केन्जी कावाई यांचं. पुढं १९९५ मध्ये 'घोस्ट इन द शेल'नं ते जगभर गेले. 'व्हॅनिटास'चं संगीत युकी काजिउरा यांचं, ज्यांचे सूर 'डीमन स्लेअर'मधूनही ऐकलेले असतील. हेडफोन चांगला घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो. स्वस्तातल्या स्पीकरवर या मालिका निम्म्याच कळतात.

चटकन, एका दमात

तेझुकांनी १९७९ मध्ये ड्रॅक्युलालाच टोकियोत राहायला आणलं. 'डॉन ड्रॅक्युला'ची मुलगी चोकोला रात्रशाळेत जाते. १९८२ च्या ॲनिमेचे आठ भाग तयार होते, पण चारच भाग दाखवून प्रक्षेपण बंद झालं.

'करिन' या मालिकेतली मुलगी उलटी व्हॅम्पायर आहे. तिच्या अंगात रक्त जास्त होतं, तिचा घोळणा फुटतो, म्हणून ती लोकांना चावून त्यांना रक्त देते. चावलेला माणूस टवटवीत होतो!

'व्हॅम्पायर हंटर डी' घडते इसवी सन १२०९० मध्ये. हिदेयुकी किकुची यांची कादंबरी १९८३ ची, चित्रं योशिताका आमानो यांची, म्हणजे 'फायनल फँटसी' खेळाची चित्रं काढणारे तेच. नायक डी हा अर्धा माणूस, अर्धा व्हॅम्पायर. तो फारसं बोलत नाही. त्याचा डावा तळहात मात्र सारखा बडबडतो. तिथं एक वेगळंच तोंड आहे.

रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती, आणि तिन्ही अमेरिका खंडांतल्या. दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर ती मरतात. म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त काढून भरवतं. शास्त्रज्ञ जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये हे दाखवून दिलं. आणि ज्यानं पूर्वी भरवलं, त्याला परतफेड आधी मिळते. प्रेमकथा म्हणून हे कुठल्याही मालिकेच्या तोडीचं आहे.

आपल्या गुहांत, पडक्या वाड्यांत मोठ्या कानांचं एक वटवाघूळ असतं. इंग्रजांनी त्याला 'खोटा व्हॅम्पायर' म्हटलं. ते बेडूक, किडे, उंदीर खातं. रक्ताचा आळ उगाच.

मराठी हात

भारतीय मुलांना ॲनिमेची चटक लावण्यात एका मराठी आवाजाचा वाटा आहे. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशननं १९८९ मध्ये मोगलीची मालिका केली. दूरदर्शनवर ती हिंदीत आली तेव्हा शेरखान बोलला नाना पाटेकरांच्या आवाजात. ती डरकाळी आठवली की आजही अंगावर काटा येतो. वेताळाचं व्हॅम्पायर करून इंग्रजीत नेणारा मराठी शिकलेला इंग्रज होता, तर व्हॅम्पायरला पुन्हा वेताळ करून पडद्यावर आणणारा माणूस पुण्याचा निघाला. आदित्य सरपोतदार. त्यांच्या घराण्यात मूकपटांच्या काळापासून सिनेमा आहे. त्यांनी २०२२ मध्ये डोंबिवलीत झोंबी आणले, २०२४ मध्ये 'मुंज्या' केला आणि २०२५ च्या दिवाळीत 'थामा'. नायक माणूस, नायिका बेताळ कुळातली. सरळ व्हॅम्पायर-प्रेमकथा, फक्त मुळं इथली.

कुठून सुरुवात करावी

एकच रात्र हाताशी असेल तर 'व्हॅम्पायर हंटर डी: ब्लडलस्ट' बघा. २००० चा, योशिआकी कावाजिरी यांचा चित्रपट, पावणेदोन तासांच्या आतला. पळवून नेलेली मुलगी परत आणायला तिच्या बापानं डीला सुपारी दिलेली असते. पाठलाग करता करता कळतं की तिला कुणी पळवलेलंच नाही. मेयर लिंक या व्हॅम्पायरबरोबर ती आपणहून निघाली आहे. दोघांना गाठायचा असतो कार्मिलाचा किल्ला. हे नाव शेरिडन ले फानूच्या १८७२ च्या कथेतून आलेलं आहे. ती स्टोकरच्याच डब्लिनमधल्या लेखकाची, 'ड्रॅक्युला'च्या २५ वर्षं आधीची आणि व्हॅम्पायरला मनापासून प्रेमात पाडणारी. पळून चाललेल्या जोडीमागं हत्यारं घेऊन निघालेली माणसं, ही गोष्ट आपल्या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही, आणि म्हणूनच तो चित्रपट बघताना पोटात कालवतं.

आठवडाभर वेळ असेल तर 'कॉल ऑफ द नाइट'चा पहिला हंगाम, १३ भाग. 'मियू'चे चारच भाग, पण हळू बघा. 'शिकी' चार माणसांत बसून बघावी, कारण प्रत्येक भागानंतर भांडायला कुणीतरी लागतं.

'पोचं घराणं' मात्र वाचायचीच आहे. इंग्रजीत ती २०१९ पासून मिळते. पुण्यात वर्षातून दोनदा जपानी भाषेची परीक्षा होते. जिल्हाभरातून, बारामती-इंदापूरकडूनही, मुलं जपानी शिकायला पुण्यात येतात आणि बहुतेकांची नजर नोकरीवर असते. ती मिळो. पण त्यातल्या एखाद्यानं रविवारची दुपार काढून एडगरची गोष्ट सरळ जपानीतून मराठीत आणावी, असं मला फार वाटतं. 'गावात नवीन आलेला पोरगा मोठा का होत नाही' ही कुजबुज आपल्या पारावरच्या बोलीत किती छान बसेल!